सात हजार वेढे

रात्री दीडला, धनकवडीत खाली पाण्याचा टँकर रिकामा होत असतो
तेव्हा मी ब्रेमेनच्या एका गोदामात शिरते,
मोबाइलचा उजेड कमी करून, यांची झोप मोडू नये म्हणून.
तिथून ओसाका. तिथून लिस्बनजवळचं कुठलं तरी गाव,
जिथं एक बाई गेलेल्या नवऱ्याची वाद्यं विकते आहे
आणि प्रत्येकाखाली लिहिते:
पेटी नाही, पट्टा नाही, परत घेणार नाही.

मी बेस शोधते. चार तारांचा, विजेवरचा,
अंग शिसवी, मान सागाची,
माथ्यावर कुणाचंच नाव नसलेला.
असे अकरा झाले, रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
आणि अकराच्या अकरा परदेशी गेले.

दादा खडकीच्या कारखान्यात पॅटर्नमेकर.
दिवसभर साच्यांचं लाकूड तासून यायचे
आणि चहा झाला की पुन्हा लाकूडच.
कोरेगाव पार्कातला एक दाढीवाला जर्मन
गिटारची मोडलेली मान घेऊन आला होता, तिथून सुरू झालं हे.
त्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला.
आई म्हणायची, पाटाला तारा लावल्यात नुसत्या.
पण जुन्या रेडिओला जोडून दादांनी जाड तार छेडली
की मांडणीवरचे पितळी डबे
तिच्या आधी बोलायचे.

तपकीर गल्लीतून केसाएवढी तांब्याची तार,
जुन्या बाजारातून फुटक्या स्पीकरांची चुंबकं,
आणि शिवणयंत्राचा दांडा फिरवायला मी, वय वर्षं नऊ.
एका पिकअपला सात हजार वेढे.
दर शंभराला पाटीवर एक रेघ.
शेवटी झाकणाच्या आत पेन्सिलीनं आकडा लिहायचा मान माझा:
७०१२ उ. ६९९४ उ. ७०३१ उ.
उ म्हणजे उजू.

सातव्या बेसच्या वेळी गल्लीत दरवेशी आला, अस्वल घेऊन.
मी दांडा सोडून गॅलरीत.
परत आले तर धाकट्यानं पाटीवरच्या सगळ्या रेघा पुसून
तिथं अस्वल काढलं होतं.
चांगलं काढलं होतं, खरं म्हणजे.
मी अंदाजानं थोडे फिरवले
आणि ठसठशीत लिहिलं, ७००० उ.

दादांनी मीटर लावला. काटा बघितला. मग मला बघितलं.
म्हणाले, ऐकू दे दाढीवाल्याला जरा हळू.

काल सापडला. त्या लिस्बनवालीकडेच.
बनवणारा अज्ञात, बहुधा भारत किंवा तुर्कस्तान.
मागचा पिकअप मंद वाजतो, म्हणून किंमत कमी.
मी लिहिलं, बाई, मागचे दोन स्क्रू काढाल का?
आज फोटो आला. तिनं विचारलंय,
ही बारीक चित्रं कसली? तीन वाटोळी आणि दोन आकडे, हुकासारखे?

पतसंस्थेत एकतीस वर्षं रोखपाल आहे मी.
खऱ्या मोजणीला इतका गोल आकडा
क्वचित येतो.

किंमत, वर विमान, वर कस्टम:
स्कूटर बदलायची म्हणून ठेवलेले सगळे, आणि थोडे अजून.
ओजस विचारतो, आई, तुला वाजवता तरी येतो का?
नाही येत.
मला तो उघडून तार उलटी उलगडायची आहे,
सावकाश, दर शंभराला एक रेघ ओढत.
मग तो वाजणारच नाही ना, ओजस म्हणतो.

बाईंना अजून उत्तर दिलेलं नाही.
दोनदा लिहून खोडलं:
चित्र नव्हे ते, आकडा आहे,
आणि किंमत तुम्ही बरोबर कमी केलीत.